होळीपर्यंत थेंब नाही

होळी झाली की माझ्याकडं विचारणारे येतात. कुणाच्या सुनेनं पुण्याहून निवडुंगाची कुंडी आणलेली असते, कुणाला वास्तुशांतीला कुणीतरी काटेरी गोळा भेट दिलेला असतो, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: थंडीभर कोरडं ठेवलं, आता पाणी कधी सुरू करायचं? भोरच्या कॉलेजात मी सगळी नोकरी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली, आधी शिपाई म्हणून आणि नंतर सहायक म्हणून, त्यामुळं याला कळतं असा लोकांचा समज आहे. मी सांगतो की कॅलेंडर बघू नका, शेंडा बघा. शेंड्यावरचा मळकट रंग जाऊन तिथं कोवळा हिरवा दिसला, नवा काटा तांबूस आणि बोटाला मऊ लागला, की झाड जागं झालं. मग सकाळच्या वेळी घोटभर पाणी द्या, आणि पुढचे आठ दिवस त्याला विसरून जा. हे सांगताना माझा आवाज मास्तरासारखा होतो आणि बायको आतल्या खोलीत हसते. हे ज्ञान मला कसं मिळालं ते मात्र मी कुणाला पुरतं सांगितलेलं नाही. तिलाही अर्धंच माहीत आहे.

सत्तर-एकाहत्तरचा सुमार. मोठा दुष्काळ अजून यायचा होता. मी चोविशीतला, बिनलग्नाचा, आणि कॉलेजच्या मागच्या आवारात शिपायांसाठी बांधलेल्या चाळीतल्या दोन खोल्यांत एकटा राहत होतो. आमचं गाव वेल्हे तालुक्यात, पासलीच्या पुढं डोंगरात. भोरहून नसरापूर, तिथून वेल्ह्याची एसटी, आणि पुढं पायी. पायी म्हणजे दुपार मोडायची. गावात थोरला भाऊ भाताची खाचरं बघायचा. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. आई भावाकडं राहायची, आणि तिला भोरला आणून आपल्याजवळ ठेवायचं हे माझ्या डोक्यात नोकरी लागल्या दिवसापासून होतं.

त्याला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे माझ्या खोलीबाहेरचा नळ.

आमच्या वस्तीचा एक झरा होता. तो माघाच्या शेवटी आटायचा. आटला की आमच्या बायांना वरच्या विहिरीवर जावं लागे. आम्ही धर्म बदलला होता, घराच्या भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या होत्या. कायदाही झाला होता, पण तो डोंगर चढून आमच्या विहिरीपर्यंत पोचायला बराच वेळ घेत होता. बाया हंडा घेऊन विहिरीच्या खालच्या दगडापाशी उभ्या राहायच्या. वर पाणी शेंदणारी कुणी आली की म्हणायच्या, "वाढा की वो थोडं." ती मनात आलं तर वरून, हंड्याला हंडा न लावता, धार सोडायची. मनात नसेल तर आपली घागर भरून निघून जायची. लहानपणी मी आईचा पदर धरून त्या दगडापाशी उभा राहिलेलो आहे. एकदा मला फार तहान लागली होती, तर आईनं मला ओंजळ कशी धरायची ते तिथंच शिकवलं. मनगटं जुळवायची, तोंड खाली न्यायचं, आणि वरून पडणारी धार थांबेपर्यंत मान वर करायची नाही. मला ते त्या वेळी खेळासारखं वाटलं होतं.

त्या साली दिवाळीनंतर भातकापणी, झोडणी उरकली आणि आई एकदाची आली. डोक्यावर तांदळाचं गाठोडं, काखेत नाचणीचं, आणि हातात पितळेचा एक तांब्या. तांब्या कशाला आणलास म्हटलं तर म्हणाली, "तुज्या घरात हाय का तांब्या? मग?" माझ्या घरात खरंच नव्हता. मी एका कान तुटलेल्या कपानं पाणी प्यायचो.

पहिल्या दिवशी तिनं नळ सोडला आणि नुसती बघत उभी राहिली. पाणी दगडावर पडून वाहायला लागलं तसा मी आतून ओरडलो. तिनं बंद केला. थोड्या वेळानं पुन्हा सोडला. मग मला म्हणाली, "हितं कुनी वाढायला लागत न्हाई व्हय रं?" मी म्हटलं, "न्हाई. तोटी फिरवायची, पानी घ्यायचं." ती दिवसातून चार वेळा हात धुवायची, अंगण दोनदा शिंपायची, आणि तांब्या तोंडाला लावून, मान मागं टाकून, मोठ्या आवाजात गटागटा पाणी प्यायची. इतकं पाणी प्यायची की मला वाटलं हिला काही दुखणं तर नाही. दुखणं नव्हतं. शेजारच्या बायांना ती अभिमानानं सांगायची, "लेकाचा नळ हाय." नळ कॉलेजचा होता आणि सहा घरांना मिळून होता, पण मी तिला खोडून काढलं नाही.

आता सरांबद्दल. आमच्या विभागाचे प्रमुख मूळचे पुण्याचे, एकटे राहणारे, आणि निवडुंगांचे वेडे. त्यांच्याजवळ एकतीस झाडं होती. काही मातीच्या कुंड्यांत, काही तुपाच्या रिकाम्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडून त्यात. प्रत्येकाला पत्र्याची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर लांबलचक नाव. ती नावं सरांनी मला तोंडपाठ करून घेतली होती. शिपायाला हे कशाला, असं स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं तेव्हा सर म्हणाले, "कारण त्याच्या लक्षात राहतात. तुमच्या राहतात का?" सहायकाची जागा निघणार होती आणि तिथं माझी शिफारस करायचं त्यांनी बोलून दाखवलं होतं. वरच्या कुठल्याही माणसानं माझ्यावर टाकलेला तो पहिला विश्वास. तो मी छातीवर बिल्ला लावल्यासारखा मिरवत होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मार्गशीर्षात सर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला निघाले. एका डोळ्याचं झालं की थांबून दुसऱ्याचं, म्हणजे होळीपर्यंत तरी परतणं नव्हतं. झाडं त्यांनी माझ्या पडवीत आणून ठेवली, कारण तिथं थंडीत दिवसभर ऊन यायचं आणि वरून पन्हळ गळत नव्हती. जाताना प्रत्येक कुंडीवर हात फिरवून म्हणाले, "ही आता झोपलीत. मुळं पाणी पीत नाहीत. घातलेलं पाणी तसंच बुडाशी राहतं, आणि वर थंडी. कुजायला तेवढं पुरतं. होळीपर्यंत थेंब नाही. सुरकुत्या पडल्या, बारीक झाली, तरी घाबरायचं नाही." मी म्हटलं, "थेंब नाही, सर." ते म्हणाले, "हे सांभाळणं सगळ्यात अवघड असतं बरं का. माणसाला काहीतरी करायचं असतं." मी हसलो होतो. काही न करण्यात अवघड ते काय, असं मला वाटलं.

आईला कुंड्या बघून हसू आवरेना. "बांधावरलं निवडुंग घरात आनून ठिवलं? मास्तरला झाडं मिळाली न्हाईत दुसरी?" आमच्याकडं निवडुंग म्हणजे गुरं शिरू नयेत म्हणून कुंपणाला लावायची वस्तू. तोडला की तिथंच पडतो आणि पुन्हा फुटतो, त्याला कुणी विचारत नाही. मी तिला ही परदेशातली झाडं आहेत, महाग आहेत वगैरे सांगितलं. "असू दे," ती म्हणाली, "काटं तर तसंच हायती."

पण दोनचार दिवसांत ती त्यांच्यापाशी बसायला लागली. ऊन तिथंच यायचं. तांदूळ निवडायला बसली की सूप मांडीवर आणि डाव्या हाताला ती एकतीस झाडं. पौष लागला, नीरेवरून सकाळी धुकं यायला लागलं, आणि झाडं आक्रसायला लागली. सर म्हणाले होते तशीच. गोळ्यांच्या धारा उठून दिसायला लागल्या, उंच झाडांची कातडी ढिली पडली. आई म्हणाली, "तानलेली दिसत्यात." मी म्हटलं, "न्हाई गं. झोपल्यात." ती म्हणाली, "कुनी सांगितलं?" "सरांनी." "सरला झाडानं सांगितलं व्हय?" मी वैतागून तिला मुळं, थंडी, कुजणं, सगळा धडा दिला. माझी एक खोड होती. आईशी मी गावचंच बोलायचो, पण शिकवायला लागलो किंवा चिडलो की माझी बोली बदलायची आणि मी कॉलेजच्या मराठीत शिरायचो. त्या दिवशीही शिरलो. शेवटी म्हणालो, "होळीपर्यंत एक थेंबसुद्धा द्यायचा नाही. समजलं?" तिनं मान डोलावली आणि सुपातला खडा बाहेर टाकला.

तेवढ्यावर विषय मिटला असं मी धरून चाललो. मला साधी गोष्ट कळायला हवी होती. ज्या बाईला आयुष्यभर समोर पाणी दिसत असताना ते मिळालं नाही, तिला मी सांगत होतो की समोर नळ आहे, पण या एकतीस जिवांना पाणी द्यायचं नाही, कारण वरच्या माणसानं तसं सांगितलंय. हे वाक्य तिला कसं ऐकू गेलं असेल याचा विचार मी केला नाही. विचार करायला मला अजून पुष्कळ वर्षं लागायची होती.

माघात झाडं जरा भरल्यासारखी दिसायला लागली. सुरकुत्या कमी झाल्या. मला आनंद झाला. माझ्या पडवीचं ऊनच चांगलं, माझी देखरेखच चांगली, असं मी मनाशी ठरवलं आणि सरांना पोस्टकार्ड टाकलं की झाडं उत्तम आहेत, तब्येतीनं सुधारत आहेत. सरांचं उलट कार्ड आलं, दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलं. त्यात होतं की सुधारायला नकोत, या दिवसांत सुधारत नसतात, कुंडी उचलून बघ. मी ते वाचलं आणि म्हटलं सरांना काळजी वाटते म्हणून लिहितात. कुंडी उचलून बघितली नाही. कोरड्या कुंडीचं आणि ओल्या कुंडीचं वजन हातालाच कळतं, एवढं सोपं होतं ते.

शिवरात्रीच्या आधी थंडीची एक लाट आली. तीन दिवस धुकं दहा-दहा वाजेपर्यंत उठेना. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी फडक्यानं चिठ्ठ्या पुसत होतो आणि सरांच्या सगळ्यात जुन्या गोळ्याला माझं बोट लागलं. तो कलंडला. बुडाशी तो राहिलाच नव्हता. तपकिरी गाळ झाला होता आणि त्याला नासक्या भोपळ्याचा वास येत होता. मी शेजारचा दाबून बघितला, तो मऊ. त्याच्या शेजारचा, तोही. वरचे खडीचे बारीक खडे कोरडे ठणठणीत, म्हणून मला काही दिसलं नव्हतं. खडे बाजूला केले तर खाली माती काळी ओली. एकतीसपैकी अठरा झाडं गेली होती.

मी आत वळलो तर आई दारात उभी. हातात तोच तांब्या. नुकतं पाणी पिऊन उरलेलं त्यात असणार. तिनं झाडांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि लपवालपवी काहीच केली नाही.

"म्या घातलं," ती म्हणाली. "रोज न्हाई. दिसाआड. तांब्यात उरायचं त्येवढंच. चिठ्ठ्या भिजू दिल्या न्हाईत. लई सुकली व्हती रं. नळ हितं वाहतोय आन् त्येनला तानलेलं ठिवायचं, माज्यानं बगवंना."

एवढं सगळं त्या बाईनं स्वतःहून सांगितलं. आज ते आठवलं की त्यातला शब्द न् शब्द मला ऐकू येतो. त्या वेळी मला फक्त सर दिसत होते, डोळ्यांवर पट्टी बांधून पुण्यात पडलेले, आणि सहायकाची जागा, आणि स्टाफरूममधला तो माणूस, जो आता म्हणणार होता की बघा, मी म्हटलं नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी कॉलेजच्या स्वच्छ मराठीत तिला म्हणालो,

"यापुढं तुझ्या हातचं पाणी या कुंड्यांना लागता कामा नये."

बोललो आणि ते वाक्य माझ्याच कानावर पडलं. ते माझं नव्हतं. विहिरीच्या वरच्या दगडावरून मी ते लहानपणी ऐकलं होतं, अगदी याच शब्दांत, हंड्याबद्दल. आईनं तर ते किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही. पण घरात, स्वतःच्या पोरानं म्हटलेलं तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

ती रडली नाही, रागावलीही नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विहिरीपाशी बघितलेलं होतं. काहीच न झाल्याचा तो चेहरा. तिनं तांब्यातलं पाणी नळाच्या दगडावर ओतलं, तांब्या घासला, पुसला आणि माझ्या चुलीपाशी उपडा घातला. त्या क्षणी मी दोन पावलं पुढं टाकली असती आणि "आये, चुकलं माजं" एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. मला ते माहीतही होतं. पण मला वाटलं, आत्ता नको. आत्ता मी चिडलेलो आहे, तीही दुखावलीय, जरा निवू दे, मग योग्य वेळ बघून बोलू.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "जाते आता. म्हस व्याया झाली आसंल." म्हैस वैशाखात व्यायची होती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी तिचं गाठोडं घेऊन स्टँडवर गेलो. नसरापूरची गाडी लागली. ती खिडकीशी बसली आणि मी खाली उभा राहून पुढच्या महिन्यात येतो म्हणालो. "ये," ती म्हणाली. परत आलो तेव्हा ध्यानात आलं की तांब्या चुलीपाशी तसाच उपडा आहे. ती विसरली असं मी स्वतःला सांगितलं. ती वस्तू विसरणारी बाई नव्हती.

सर होळीनंतर चार दिवसांनी आले, जाड भिंगाचा चष्मा लावून. मी त्यांना पडवीत नेलं आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. म्हणजे काय सांगितलं, तर "आमच्या आईनं पाणी घातलं, सर. अडाणी आहे, तिला कळलं नाही." हेसुद्धा लिहायला हवं. सर खाली बसले, एकेक झाड बोटांनी चाचपलं. मग म्हणाले, "माझी पहिली सगळी मी अशीच मारली होती. दया येते हो." त्यांनी चाकू मागवला. कुजलेल्यांपैकी पाच झाडांचे शेंडे अजून घट्ट होते. ते त्यांनी कापले, आत हिरवा स्वच्छ गाभा लागेपर्यंत पुन्हा पुन्हा कापले, कापलेल्या जागी गंधकाची पूड लावली आणि सावलीत वाळत ठेवले. "पंधरा दिवस असेच. मग कोरड्या वाळूवर नुसते टेकवायचे. मूळ फुटलं तर फुटलं."

नंतर चष्मा पुसत म्हणाले, "आई कुठं आहेत?"

"गावी गेली, सर."

"अरे. त्यांना सांगायचं होतं की तेरा अगदी सुखरूप आहेत म्हणून." त्यांनी पाचातला एक शेंडा उचलला आणि माझ्या हातात दिला. "हा त्यांचा. रुजला की नेऊन द्या."

माझी शिफारस त्यांनी केली. जागा मला मिळाली. ज्या भीतीनं मी आईला ते बोललो होतो त्यातलं काहीच झालं नाही.

शेंडा रुजायला दोन महिने लागले. रुजला तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता, आणि आमच्या डोंगरात चार महिने पाऊस, तिथं निवडुंग नेऊन काय करणार, म्हणून थांबलो. दिवाळीला गेलो तेव्हा वाटलं आता झाडाची झोपायची वेळ, प्रवासात हलवायला नको. तांब्याही न्यायचा राहिला. मी नुसता गेलो. आईनं नाचणीची भाकरी आणि काळ्या घेवड्याची आमटी वाढली, माझ्या पाठीवरून हात फिरवला, माझ्या लग्नाचं बघतेय म्हणाली. सगळं नेहमीसारखं होतं. मी म्हटलं, "चल की भोरला." ती म्हणाली, "भात हाय, म्हस हाय. कसं येऊ?" मला बरं वाटलं. म्हटलं राग नाही. राग नाही तर मग तो विषय काढून जखम उकरायची कशाला? दर खेपेला मी असंच काहीतरी कारण शोधून परत यायचो. झाडाच्या बाबतीत मी शेंडा बघायला शिकलो होतो. आईच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते बघायचो, काही दिसायचं नाही, आणि मी म्हणायचो, अजून वेळ झालेली नाही.

लग्न झालं. पुढं तीन वर्षांनी पहिली मुलगी झाली, फाल्गुनात, आणि नातीला बघायला आई भोरला आली. सात वर्षं झाली होती मधे. भाऊ तिला भोरपर्यंत पोचवून गेला. मला आता मोठं घर मिळालं होतं, कॉलेजचंच, पण नळ घरात होता, आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी तिवईवर माठ, माठावर झाकणी, झाकणीवर ओगराळं. शेजारी आईचा तांब्या. मी तो चिंचेनं घासून लख्ख करून ठेवला होता.

पहिल्याच दिवशी दुपारी आई नातीला मांडीवर घेऊन माठापासून हातभर अंतरावर बसली होती. तिनं माझ्या बायकोला हाक मारली, "बाई, पानी वाढ गं जरा." बायको बाळंतीण, ती आत पडलेली. मला वाटलं मांडीवर बाळ आहे म्हणून. मी पाणी दिलं. संध्याकाळी मांडीवर बाळ नव्हतं, तरी आई माठाशेजारी बसून राहिली. मी कॉलेजातून आलो तेव्हा म्हणाली, "आलास व्हय. पानी वाढ." दुपारपासून ती तहानलेली होती. नळ चार पावलांवर, माठ हाताशी, आणि ती बसून होती. मी म्हटलं, "आये, घ्यायचं की हातानं."

"ऱ्हाऊ दे," ती हसून म्हणाली. "तुमचं भांडं हाय. माज्या हातानं काय तरी बिगडायचं."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी तिच्या पायावर डोकं ठेवलं असतं. ती अगदी मनापासून, माझं नुकसान होऊ नये म्हणून बोलत होती. मी एकदा सांगितलं होतं आणि तिनं ते पाळलं होतं.

आठ दिवस ती राहिली, आणि आठही दिवस तिनं माझ्या घरातल्या पाण्याला आपणहून हात लावला नाही. बायकोला वाटलं सासूबाईंचे गुडघे दुखतात. मी तिला खरं सांगितलं नाही.

जायच्या दिवशी सकाळी मी आईला अंगणात नेलं. तो सरांनी दिलेला शेंडा आता वीतभर उंच झाला होता. होळी होऊन गेली होती. शेंड्याला कोवळा हिरवा रंग आला होता आणि वरचे काटे तांबूस, मऊ. मी म्हटलं, "ह्ये तुजं हाय. सरांनी तुला दिलेलं. माज्याकडनंच द्यायचं ऱ्हायलं." ती वाकून बघायला लागली. मी तिचा तांब्या भरून आणला होता. गेल्या सात वर्षांतलं सगळं मला त्या एका तांब्यात भरून सांगायचं होतं. मी म्हटलं, "आता येळ झाली पानी घालायची. वरसाचं पैलं पानी. तू घाल."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नगं," ती म्हणाली. "तुज्याच हातानं घाल. त्येच मानवंल त्येला."

मी तांब्या पुढं धरून उभा राहिलो. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं राहिलं होतं. आतून बाळ रडलं, बायकोनं हाक मारली, एसटीची वेळ झाली होती. मी खाली बसलो आणि झाडाला पाणी घातलं, बुडाशी, शेंड्यावर थेंब न पडू देता, घोटभर. मला ते आता फार चांगलं जमत होतं.

"झालं का?" आई म्हणाली. "मग मला बी वाढ थोडं."

मी तांब्याच तिच्या हातात द्यायला गेलो. तिनं तो घेतला नाही. ती थोडी वाकली, मनगटं जुळवली, ओंजळ तोंडाशी नेली, आणि वाट बघत राहिली. मी वरून धार धरली.